अप्पांच्या सीडींसाठी दीड लाखाचा प्लेअर घ्यावा का?

खानापूरहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्याचा गाभा त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमचे अप्पा ८१ वर्षांचे आहेत. शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. गाण्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. कुमार, भीमसेन, मन्सूर, गंगूबाई, नाट्यगीतं, अभंग अशा अडीचशेच्या आसपास सीडी त्यांनी जमवल्यात. काही सीडी माझ्या भावाने कॉम्प्युटरवर करून दिलेल्या आहेत. बाजारात मिळायच्या त्या एमपीथ्रीच्या डिस्कही आहेत, पण त्या आमच्या प्लेअरवर लागत नाहीत, म्हणून तशाच पडून आहेत. प्लेअर १९९९ मध्ये कोल्हापूरहून आणलेला. आता तो सुरुवातीची गाणी नीट लावतो आणि शेवटी शेवटी अडकतो. कधी ट्रे उघडतच नाही. डाव्या स्पीकरमधून तबला जरा फाटल्यासारखा येतो, पण ते जुनंच आहे. माझा मुलगा बेंगळुरूला असतो. तो म्हणतो, आजोबांसाठी दीड लाखाचा हाय-एंड प्लेअर घेऊ, पैसे मी देतो. भाऊ म्हणतो, चार हजारांचा डीव्हीडी प्लेअर आणा, सीडी ती सीडीच. दोघांचं रोज फोनवर वाजतंय. अप्पांना विचारलं तर म्हणतात, 'आहे ते बरं आहे की!' मी काय करू?"

ताई,

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. डाव्या स्पीकरमधून तबला फाटल्यासारखा येतो, हे ते वाक्य. तुमच्या मुलाने दीड लाखाचा काय, पाच लाखांचा प्लेअर आणला तरी त्या स्पीकरमधून तबला फाटलेलाच येणार. म्हणून प्लेअरकडे वळण्याआधी स्पीकरचं बघू.

एक साधी तपासणी घरीच करता येते. अँप, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर, बंद करा, प्लग काढा आणि अँपच्या मागे लावलेल्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. मग तीच सीडी लावा. फाटका आवाज पूर्वीच्याच स्पीकरमधून आला, तर दोष स्पीकरचा. तो दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला, तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या अलीकडे प्लेअरमध्ये आहे. माझा अंदाज स्पीकरचा आहे. त्या काळातल्या बऱ्याच स्पीकरना कोनाभोवती, म्हणजे थरथरणाऱ्या पडद्याभोवती, फोमची कडा असायची. पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो लवकर होतो. पुढची जाळी काढून बोट अगदी हलकं टेकवून बघा. काळा चुरा हाताला लागला तर निदान झालं. ही कडा बदलून मिळते. गणपतीच्या मंडपांचे, भजनी मंडळांचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर बेळगावात आहेत आणि त्यांचा हात या कामात बसलेला असतो. मात्र त्यांना ठासून सांगा की फक्त कडा बदलायची, मूळ कोन आणि कॉइल काढायची नाही. आणि एक स्पीकर खराब असला तरी दोन्हींच्या कडा एकदमच बदलून घ्या, नाहीतर दोन बाजूंचे आवाज जुळत नाहीत.

आता प्लेअर. मुलगा आणि भाऊ, दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे. पण कोणाचं किती खरं, हे कळायला सीडी वाजते कशी ते बघावं लागेल. बाजारात पहिला सीडी प्लेअर १९८२ साली जपानमध्ये आला. तेव्हा ठरलेलं माप आजही तेच आहे. आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घ्यायची आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायची. हे आकडे खड्ड्यांच्या रूपात एका गोलगोल रेघेवर कोरलेले असतात. ती रेघ उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. प्लेअरचा लेसर ती आतून बाहेर वाचत जातो. वाचताना चुका होणार हे धरूनच आकडे विखरून लिहिलेले असतात, त्यामुळे रेघेवर दोन-अडीच मिलिमीटरचा तुकडा चरा पडून गेला तरी प्लेअर हरवलेले आकडे गणिताने जसेच्या तसे परत मिळवतो. जवळपास मिळवतो असं नाही, जसेच्या तसे. म्हणजे सीडी बरी असेल आणि लेन्स स्वच्छ असेल, तर स्वस्त प्लेअरने वाचलेले आकडे आणि महागड्याने वाचलेले आकडे एकच असतात. इथवर तुमचा भाऊ बरोबर आहे.

पुढे त्या आकड्यांचा परत आवाज करावा लागतो. ते काम करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. ऐंशीच्या दशकात चांगला डॅक महाग होता आणि प्लेअर-प्लेअरमध्ये फरक कानाला जाणवायचा. आता सीडीच्या मापाला पुरून उरेल असा डॅक अगदी कमी खर्चात बनतो. महागड्या प्लेअरमधला डॅक यंत्रावर मोजला तर सरस निघतो, हे मी मानतो. पण तुमच्या कौलारू घरात, डोक्यावर पंखा फिरत असताना, तो फरक अप्पांपर्यंत पोहोचेल असं मला वाटत नाही.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. टिळकवाडीत एका मित्राच्या घरी आम्ही पाच जणांनी एक संध्याकाळ यावर घालवली. एक साधा प्लेअर, एक त्याच्या चौपट किमतीचा, मध्ये चादरीचा पडदा आणि दोन्हींत एकाच सीडीच्या दोन प्रती. पहिल्या फेरीत सगळ्यांनी महागडा अचूक ओळखला. मी तर खात्रीने सांगितलं की तंबोरा जास्त भरीव लागतोय. मग मित्राने मीटर लावून दोन्हींची पातळी मोजली. प्लेअरच्या बाहेर येणारा सिग्नल साधारण २ व्होल्टचा असतो. महागड्याचा २.३ व्होल्ट निघाला. म्हणजे तो सव्वा डेसिबलच्या आसपास मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. पातळी सारखी करून पुन्हा ऐकलं आणि पाचही जण गोंधळलो. त्यानंतर कोणालाही सलग ओळखता आलं नाही. दुकानात दोन प्लेअर शेजारी ठेवून ऐकवतात तेव्हा हे लक्षात ठेवा. आवाजाची पातळी जुळवलेली नसेल तर त्या तुलनेवर एक रुपयाही लावू नका.

याहून मोठ्या प्रमाणावर झालेली चाचणीही आहे. एसएसीडी नावाचा सीडीहून वरचढ मानला जाणारा प्रकार १९९९ साली आला. अमेरिकेत बोस्टनच्या मेयर आणि मोरान या दोघांनी त्याचा आवाज थेट ऐकवला आणि तोच सीडीच्या मापातून गाळूनही ऐकवला. २००७ साली त्यांनी निकाल छापला. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. काही महागड्या प्लेअरवर एसएसीडीचा शिक्का असतो आणि त्याचेही पैसे त्या किमतीत असतात. अप्पांच्या अडीचशे सीडींत त्या शिक्क्याची एक तरी आहे का बघा. नसेल तर तो विषय सोडून द्या.

मग जास्त पैशांत मिळतं तरी काय? जाड पत्र्याचा डबा, लोण्यासारखा सरकणारा ट्रे, हेडफोनसाठी बरी सोय, हाताला जड लागणारी बटणं. वस्तू सुंदर असते. ती रोज समोर बघण्यात आनंद आहे आणि मुलाला आजोबांना काहीतरी भारी द्यावंसं वाटतं, त्या भावनेचा मला आदरच आहे. फक्त ते पैसे गाण्यात उतरायला हवेत.

भावाच्या डीव्हीडी प्लेअरबद्दल मात्र मी तितकाच नाराज आहे. तो सीडी वाचेल, एमपीथ्रीही वाचेल. पण गाणी निवडायची तर टीव्ही लावावा लागेल, कारण बहुतेकांना नीट आकडे दाखवणारी पट्टीच नसते. ८१ वर्षांच्या माणसाने सकाळी साडेसहाला भैरव ऐकायला टीव्ही लावायचा, हे मला पटत नाही. दुसरं, अनेक स्वस्त डीव्हीडी प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर थांबतात. फिल्मी गाण्यांना चालतं. मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो, तंबोरे मात्र चालूच असतात. नेमक्या त्या जागी आवाज तुटला की रसभंग होतो. तिसरं, काही सेट डिस्क इतक्या जोरात फिरवतात की आलापीत त्यांची घरघर ऐकू येते. मन्सूर मंद्रात उतरलेत आणि खाली डबा गुणगुणतोय, असं ऐकण्यापेक्षा रेडिओ बरा.

म्हणून माझं मत असं: आधी आहे तो प्लेअर दुरुस्त होतो का बघायचं. झालाच नाही तर चांगल्या कंपनीचा साधा सीडी प्लेअर घ्यायचा आणि उरलेला पैसा स्पीकरकडे वळवायचा.

दुरुस्तीची आशा मला का वाटते, ते तुमच्याच पत्रात आहे. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीची गाणी लागतात आणि शेवटची अडकतात, म्हणजे लेसर अजून जिवंत आहे. लेसर ज्या रुळावरून बाहेर सरकतो, त्या रुळावरचं ग्रीस वीस-पंचवीस वर्षांत वाळून घट्ट झालेलं असणार. आधी कडेपर्यंत गाण्यांनी भरलेली एखादी नवी, विनाचऱ्याची सीडी लावून बघा, म्हणजे दोष डिस्कचा नाही याची खात्री होईल. ट्रे अडकतो तो बहुधा आतल्या रबरी पट्ट्यामुळे. पट्टा सैल पडतो. तो किरकोळ किमतीचा असतो. लेन्सवर धूळ आणि बुरशी बसते. खानापूरच्या चार महिन्यांच्या पावसात न बसली तरच नवल! आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने ती पुसतात, पण लेन्स केसासारख्या तारांवर तरंगती असते, म्हणून हात पिसासारखा हलका हवा. घरी कोणी करणार असेल तर प्लग काढूनच, आणि झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू करायचा नाही. सीडीचा लेसर अवरक्त असतो. डोळ्यांना धड दिसत नाही, पण इजा करू शकतो. नाहीतर जुना रेडिओ-टेप दुरुस्त करणारा माणूस गाठा. हे काम त्याला दोन तासांचं आहे.

जुन्या महागड्या प्लेअरचा मोह मात्र टाळा. मी त्यात पोळलोय. मुंबईहून एक नावाजलेला सेकंडहँड सेट घेतला, आठ महिन्यांत लेसर गेला आणि तो लेसर आता कोणी बनवत नाही असं कळलं. पैसे गेल्याचं मी विसरलो, पण आईसाठी घेतला होता आणि तिला त्यावर दोन-चारच नाट्यगीतं ऐकता आली, ते विसरता येत नाही. जपानहून आलेले जुने सेटही विकायला असतात. ते १०० व्होल्टचे असतात. ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या २३० व्होल्टवर लावले तर जागेवर जळतात.

नवीन घ्यायची वेळ आलीच, तर यामाहा, डेनॉन, मॅरँट्झ अशा कंपन्यांचे साधे सीडी प्लेअर आहेत. दीड लाखातला चौथा हिस्सा प्लेअरला पुरे, त्याच्या वर जाऊ नका. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. पहिली, एमपीथ्रीची डिस्क आणि घरी केलेली सीडी लागते का? हा प्रश्न महागडा प्लेअर बघतानाही विचारा, कारण कित्येक हाय-एंड प्लेअर फक्त सीडी वाजवतात आणि एमपीथ्रीची डिस्क घातली की गप्प बसतात. दीड लाख खर्चूनही त्या डिस्क पडूनच राहिल्या तर काय उपयोग? दुसरी, बिघडला तर न्यायचा कुठे? बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात की थेट बेंगळुरूला? गाव आणि पत्ता सांगता आला नाही तर पुढच्या दुकानात चला. पावती आणि वॉरंटी कार्ड कंपनीचंच हवं.

उरलेल्या पैशांत स्पीकर. तुमच्या जुन्या स्पीकरच्या कडा बदलून आवाज गोड झाला तर तेही नको. नाही झाला, तर प्लेअरच्या दुप्पट पैसे स्पीकरवर घाला. दोन स्पीकरमधला फरक डोळे मिटूनही ओळखता येतो, त्याला चादरीचा पडदा लागत नाही. आणि ते ठेवायचे कसे, याला तर काहीच खर्च नाही. भिंतीला चिकटवून किंवा कोपऱ्यात ठेवले की डग्गा घुमतो आणि शब्द बुडतात. हातभर पुढे ओढा. स्पीकरमधला छोटा कोन, म्हणजे बारीक आवाजाचा, अप्पांच्या खुर्चीत बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. दोन स्पीकर आणि खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा, हेडमास्तरांना हे सांगावं लागणार नाही. खाली शहाबादी फरशी असेल तर स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये सतरंजी किंवा जाड घोंगडी अंथरा. आवाजाचा टणटणीतपणा तिथल्या तिथे उतरतो. जुलैत कौलांवर पाऊस कोसळतो तेव्हा मात्र कुठल्याच प्लेअरचं काही चालत नाही. त्या दिवसांत सुती गाद्यांचे, कान झाकणारे हेडफोन अप्पांना कदाचित आवडतील.

अप्पांच्या कानांबद्दलही स्पष्ट लिहितो, राग मानू नका. या वयात वरच्या पट्टीचे बारीक आवाज कोणालाच पूर्वीसारखे येत नाहीत. महागड्या प्लेअरची जाहिरात नेमकी त्याच आवाजांची असते. शिवाय अप्पांच्या आवडीच्या सीडींतली बरीचशी ध्वनिमुद्रणं जुनी असणार. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून घेतलेल्या नाट्यगीतांत खरखर आहे, वरचे आवाज मुळातच कमी आहेत. जे टिपलंच गेलं नाही ते कोणताही प्लेअर आणून देऊ शकत नाही. धारवाड आणि सांगली केंद्रांवर मध्यम लहरींतून गाणं ऐकत त्यांच्या पिढीचे कान तयार झालेत. त्या कानांना जागा कळते, लय कळते, शब्द कळतो. त्यांना हवाय तो न अडकणारा प्लेअर, मोठी अक्षरं दाखवणारी पट्टी आणि मोजक्या बटणांचा रिमोट. रिमोटवर चाळीस बटणं असतील तर नको असलेल्यांवर पांढरी चिकटपट्टी लावा. आईच्या रिमोटला मी तेच केलं होतं.

भावाला एक काम द्या. त्याने करून दिलेल्या सीडींतला रंगाचा थर ऊन आणि उष्णतेने उडतो, आणि एक दिवस त्या वाचल्या जात नाहीत. त्या आधी, आणि मग बाकीच्याही, कॉम्प्युटरवर फ्लॅक प्रकारात उतरवून ठेवायला सांगा. त्यात आवाजाचा एक कणही जात नाही. एका सीडीला साडेतीनशे-चारशे एमबी धरले तरी सगळा संग्रह शंभर जीबीच्या आत बसतो. दोन पेनड्राइव्ह करा, एक खानापुरात आणि एक बेंगळुरूला. सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आणि छापील बाजूला जास्त जपायचं, कारण आकड्यांचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. वळवाच्या दिवसांत विजा चमकायला लागल्या की प्लेअर आणि अँप दोन्हींचे प्लग भिंतीतून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

नवीन काही घेण्यासाठी बेळगावला जाल तेव्हा अप्पांना बरोबर न्या. पिशवीत तीन डिस्क असू द्या. एक मैफलीची, तंबोरा न तुटणारी. एक भावाने केलेली किंवा एमपीथ्रीची. आणि एक कुमारांची, कारण आपल्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस क्षयाच्या आजारानंतर एका फुप्फुसावर गायला आणि त्याचा श्वास घेण्याचा आवाज हीच स्पीकरची परीक्षा आहे. तो श्वास माणसाचा वाटला पाहिजे. दुकानदाराला म्हणावं, पाच मिनिटं काही बोलू नका. रिमोट अप्पांच्या हातात द्या, बटण त्यांनाच दाबू द्या, आणि तुम्ही प्लेअरकडे न बघता त्यांच्याकडे बघा.